गाण्यातून सांगितलेली गोष्ट



मध्यरात्री एक बस महामार्गावरून चालली आहे. बसमध्ये चार प्रवासी आहेत: एक शेतकरी, एक शिक्षक, देहविक्रय करून पोट भरणारी एक स्त्री आणि एक पाळक. चालकाला थांबण्याची खूण दिसत नाही, अवजड ट्रक वेळेत थांबू शकत नाही आणि अपघात होतो. चौघांपैकी तिघे जातात. रस्त्याच्या कडेला तीन लाकडी क्रूस उभे राहतात. प्रवासी चार आणि क्रूस तीन, मग वाचले कोण?

ही एका गाण्याची गोष्ट आहे. रँडी ट्रॅव्हिस या अमेरिकन गायकाच्या २००२ सालच्या 'राइज अँड शाइन' या अल्बममध्ये हे गाणे आहे आणि त्याचे नाव आहे 'थ्री वुडन क्रॉसेस', म्हणजे तीन लाकडी क्रूस. गाण्यात पुढे सांगितले आहे की, शेतकऱ्याने मागे शेत ठेवले, आणि मुलाच्या मनात मातीवरचे प्रेम व विश्वास ठेवला. शिक्षकाने पुष्कळ मुलांच्या डोक्यात ज्ञान ठेवले. मरता मरता पाळकाने आपले रक्ताने माखलेले बायबल त्या स्त्रीच्या हातात दिले. शेवटी आपल्याला कळते की ही सारी हकिकत एक पाळक रविवारच्या उपदेशात सांगत आहे. इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटते की बसमधून वाचलेला पाळक हाच. पण तो तेच बायबल उंच धरतो आणि सांगतो की, हे पुस्तक त्या पाळकाने माझ्या आईला दिले आणि आईने ते मला वाचून दाखवले. वाचली होती ती स्त्री.

हे गाणे २००३ मध्ये अमेरिकेतील कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला त्या वर्षीचे सर्वोत्तम गाणे ठरवले. २००४ मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पुढे २०१३ मध्ये पक्षाघातामुळे या गायकाचा आवाज हरपला, पण ती गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली.

आपण पुणे-नगर रस्त्याच्या काठावर राहणारी माणसे. रस्त्याच्या कडेला अपघाताची खूण आपल्याला नवी नाही. म्हणूनच हे परदेशी गाणे आपल्याला समजायला जड जात नाही. मात्र आजच्या लेखाचा विषय अमेरिका नाही. गाण्यातून गोष्ट सांगून श्रद्धा पोहोचवणे ही रीत आपल्या मराठी मातीतही आहे, आणि ती चारशे वर्षांहून जुनी आहे. ही रीत आपण हातची सोडत आहोत का, एवढा एकच प्रश्न आज आपण अभ्यासणार आहोत.

गोष्टीचे गाणे म्हणजे काय?

'कंट्री' म्हणजे खेड्यापाड्यांचे संगीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात ते रुजले. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमधून आलेल्या गरीब शेतकऱ्यांनी आपल्या जुन्या कथागीतांची शिदोरी सोबत आणली. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या परंपरेतून आले. १९२७ साली ब्रिस्टल या गावी या गाण्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि ती सर्वदूर गेली. त्यात प्रार्थनेची गाणी सुरुवातीपासूनच होती. जॉनी कॅश या प्रसिद्ध गायकाने तर १९७३ मध्ये 'द गॉस्पेल रोड' हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. येशूच्या जीवनावरील त्याच नावाच्या चित्रपटाचा तो अल्बम होता. चित्रपटाचे चित्रण इस्रायलमध्ये झाले होते. कॅश मध्ये मध्ये बोलून कथा पुढे नेतो, मग गाणे येते, मग पुन्हा कथा.

वाचकहो, थोडे निवेदन, मग पद, मग पुन्हा निवेदन, हे वर्णन ऐकून आपल्याला काही आठवले का? आपले आजोबा याला कीर्तन म्हणत.

स्तुतीची गाणी आणि गोष्टीची गाणी यांत फरक आहे. स्तुतीच्या गाण्यात आपण देवाला आपल्या मनातले सांगतो: तू थोर आहेस, मी तुझा आहे. गोष्टीच्या गाण्यात देवाने काय केले ते आपण एकमेकांना सांगतो. पवित्र शास्त्रातील स्तोत्रांत दोन्ही प्रकार आहेत. स्तोत्र ७८ हे सरळसरळ इतिहासकथन आहे: मिसर देशातील चमत्कार, दुभंगलेला समुद्र, रानातील मान्ना, लोकांची कुरकुर, आणि शेवटी मेंढरांमागून बोलावून आणलेला दाविद. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच पालुपद येते. गोष्ट एकाने सांगायची आणि पालुपद सर्वांनी धरायचे. टाळकरी जसे ध्रुवपद धरतात, तसेच.

अनुवादाच्या ३१व्या अध्यायात तर देव स्वतः मोशेला गीत लिहायला सांगतो. ते इस्राएल लोकांना शिकव, त्यांच्या तोंडी घाल, अशी ती आज्ञा आहे. कारण पुढे लोक सुखाला लागतील, देवाला विसरतील, तेव्हा हे गीत साक्षीदार म्हणून उभे राहील, आणि त्यांच्या संततीच्या तोंडून ते नाहीसे होणार नाही. नियमशास्त्राचा ग्रंथ कोशाजवळ ठेवला गेला, गीत मात्र लोकांच्या ओठांवर ठेवले गेले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठीही साक्ष उरली.

गोष्ट मनात कशी शिरते?

दाविद राजाने उरियाच्या पत्नीला आपलीशी केले आणि उरियाला मारवले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला (२ शमुवेल १२). त्याने राजावर थेट आरोप केला असता तर राजाने शंभर सबबी सांगितल्या असत्या. नाथानाने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाकडे एकच मेंढी होती. ती त्याच्या ताटात जेवे, त्याच्या कुशीत झोपे. श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी तीच कापली. दाविद संतापला आणि त्याने निकाल दिला. मग नाथान म्हणाला की, तो मनुष्य तूच आहेस. गोष्ट ऐकताना राजा स्वतःच न्यायाधीश झाला होता, म्हणून त्याला आपला निकाल नाकारता आला नाही.

अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने 'काव्यशास्त्र' या ग्रंथात म्हटले आहे की, इतिहास घडलेली एक घटना सांगतो, तर काव्य माणसांच्या बाबतीत काय घडू शकते ते सांगते, आणि म्हणून ते तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळ जाते. साध्या शब्दांत सांगायचे तर, चांगली गोष्ट एका माणसाची असते, पण तिच्यात प्रत्येकाला आपली जागा सापडते. उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) ऐकताना कोणी धाकट्याच्या जागी बसतो, कोणी थोरल्याच्या, आणि वय झाल्यावर बापाच्या.

बसच्या गाण्यातही हेच घडते. वाचलेला पाळकच असणार, असे आपण मनात धरून चालतो. एक स्त्री वाचवण्याजोगी आहे हे आपल्या मनात येत नाही. गाणे संपताना आपल्या मनातला हा हिशेब उघडा पडतो. प्रभू येशूने शिमोन परुश्याच्या घरी जे केले (लूक ७) तेच हे गाणे तीन-चार मिनिटांत करते. त्या पापी स्त्रीकडे बोट दाखवणाऱ्या शिमोनालाही प्रभूने आधी दोन कर्जदारांची गोष्ट सांगितली होती.

फादर स्टीफन्स यांचे पुराण

आता आपल्या भाषेकडे येऊ या. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ साली निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तिथेच राहिले. त्यांचे बहुतेक कार्य साष्टी प्रांतात झाले. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ म्हणत, पण त्यांना काहीतरी उणे वाटे. पूर्वी ते पुराणे ऐकत असत. ती आता बंद झाली होती, आणि त्यांच्या जागी काहीच नव्हते. आम्हांलाही पुराण द्या, ही लोकांची मागणी फादर स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या आरंभीच नोंदवली आहे.

या मागणीचा आपण विचार केला पाहिजे. लोक धर्माचे नियम नाकारत नव्हते. नियम त्यांना पाठ होते. त्यांना गोष्ट हवी होती, आणि ती आपल्या कानाला ओळखीच्या चालीत हवी होती.

फादर स्टीफन्स यांनी ती दिली. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर (राचोल) येथे छापले गेले. त्यात ओवी छंदातील १०,९६२ कडवी आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, येते. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र ५९ अवस्वरांत येते. भाषा मराठी, आणि लोकांना कळावे म्हणून तिच्यात कोकणी शब्दांची मिसळ. देवनागरीचे खिळे तिथे उपलब्ध नसल्यामुळे ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. आजच्या काही जणांना हे वाचून धक्का बसेल. पण ऐकणाऱ्याला जो शब्द ठाऊक आहे त्यातूनच आत शिरता येते, आणि आत शिरल्यावर त्या शब्दाला ख्रिस्ताचा अर्थ देता येतो, हे त्यांना कळले होते.

१६४९ आणि १६५४ मध्ये या ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत उरलेली नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण लोक तो गात होते आणि हाताने उतरवून घेत होते. गोव्यातून स्थलांतर करून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या पोथ्या बरोबर नेल्या, आणि १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये सिद्ध केली. ज्या लोकांनी गाव सोडले, त्यांनी गोष्ट सोडली नाही, ही यातली आपल्यासाठी महत्त्वाची नोंद आहे.

नगरचे कीर्तन आणि टिळकांचे 'ख्रिस्तायन'

गोवा दूर वाटेल, पण नगर (आजचे अहिल्यानगर) आपल्या शेजारचे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे काम सुरू केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये साकी, दिंडी, ओवी, पदे, आणि शेवटी प्रार्थना, अशी त्याची बांधणी. आख्यान मात्र बायबलमधले. उपदेश ऐकायला न बसणारी माणसे कीर्तनाला येऊन बसत. पुढे काय झाले हे ऐकायचे असते, म्हणून माणूस उठत नाही.

याच नगरमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. त्यांचा जन्म १८६१ सालचा, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, आणि निधन ९ मे १९१९ रोजी. ते आपल्या प्रोटेस्टंट बंधूंपैकी, पण त्यांची गीते आज सर्वच ख्रिस्ती मंडळी गातात. तुकोबांच्या अभंगांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने लिहिली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात प्रभू येशूचे संपूर्ण चरित्र ओवीत सांगण्याचा संकल्प केला. त्या काव्याचे नाव 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्याय झाले आणि टिळक गेले.

ते काव्य पुरे केले लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांनी काही वर्षे पराकोटीचे दुःख सोसले, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रामुळे सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पतीच्या मागे या बाईंनी आणखी चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि 'ख्रिस्तायन' त्यानंतर, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाले.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीला चौसष्ट अध्याय ओवीत कसे रचता आले? ओवी तिने पुस्तकातून शिकलेली नव्हती. ती तिच्या कानात लहानपणापासून होती. घरात आई, आत्या, आजी गात होत्या.

जात्यावरची ओवी

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या शेकडो खेड्यांतून स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. त्यांत आपल्या शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या बायकांच्या ओव्याही आहेत. पहाटेच्या अंधारात दळताना या बाया सीतेचा वनवास गात आणि त्यात आपला सासुरवास सांगत. गोष्ट सीतेची आणि दुःख आपले. त्यांनी अॅरिस्टॉटल वाचला नव्हता, पण तो जे सांगतो ते त्या दररोज करत होत्या.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले. जाते थांबल्यावर गाणेही थांबले, कारण ते गाणे त्या कामाला बांधलेले होते. यात कोणाचा दोष नाही. कोणत्याही आजीला पुन्हा जात्यावर बसवावे असे आम्हांला वाटत नाही. पण काम गेले तेव्हा गाण्यासाठी दुसरी जागा कोणी केली नाही, हे मात्र खरे आहे.

काही शंका

पहिली शंका अशी की, कीर्तन आणि ओवी ही आपली आहेत का? गिटार वाजली की चर्चमध्ये बसल्यासारखे वाटते, टाळ वाजला की परके वाटते, असे आपल्यातील काही प्रामाणिकपणे सांगतात. पण गिटारही येरुशलेमहून आलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या ११९व्या परिच्छेदात स्पष्ट सांगितले आहे की, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य तो मान व स्थान मिळाले पाहिजे. तेव्हा या बाबतीत ख्रिस्तसभेची परवानगी शोधण्याची गरज नाही. ती केव्हाच मिळालेली आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती आम्ही हलकी मानत नाही. आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबांच्या पूर्वजांना गावकीत वाजवण्याचे काम जातीमुळे करावे लागे. हलगी त्यांनी वाजवायची, आणि देवळाच्या बाहेर मात्र त्यांनीच उभे राहायचे. ख्रिस्ताकडे येताना अनेकांनी ते वाद्य खाली ठेवले, कारण त्याला अपमानाचा वास होता. ज्याला आजही ती आठवण टोचते, त्याच्या हातात कोणी जबरदस्तीने वाद्य देऊ नये. पण एवढे सांगावेसे वाटते की, दोष हलगीत नव्हता, तिला बाहेर उभी करणाऱ्या व्यवस्थेत होता. प्रभूच्या घरात ती वेदीसमोर येऊ शकते. बाहेर उभा असलेला आत येतो, ही आपल्या शुभवर्तमानाचीच गोष्ट आहे.

तिसरी शंका संत अगस्तीन यांची आहे. मिलान शहरात बाप्तिस्म्याच्या काळात चर्चमधील गाणे ऐकून ते रडले होते, असे त्यांनी 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या नवव्या भागात लिहिले आहे. तरी दहाव्या भागात ते स्वतःवर शंका घेतात. गाण्यातील अर्थापेक्षा गाणेच अधिक आवडू लागले तर ते पाप आहे असे ते म्हणतात, आणि अशा वेळी गाणे न ऐकलेलेच बरे असे त्यांना वाटते. मात्र दुर्बळ मनाला गाण्याचा आधार मिळतो, म्हणून चर्चमध्ये गाणे असावे या बाजूला ते झुकतात. ही कसोटी आपणही लावावी. गाणे संपल्यावर ऐकणारा आवाजाचीच वाहवा करीत असेल, तर गोष्ट वाटेत सांडली.

याच संदर्भात महासभेचा १२१वा परिच्छेद उपयोगी आहे. गीतांचे शब्द कॅथलिक शिकवणीशी जुळणारे असावेत आणि ते मुख्यतः पवित्र शास्त्रातून व उपासनेतून घेतलेले असावेत, असे तिथे म्हटले आहे. तेव्हा रचना करणाऱ्याने गोष्टीत पदरचे चमत्कार घालू नयेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मिस्सामध्ये स्तोत्राच्या जागी स्तोत्रच गायचे असते. आख्यानाची जागा मिस्सानंतर, उपवासकाळातील संध्याकाळी, नाताळच्या आदल्या रात्री किंवा घरातील प्रार्थनेत आहे.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

आपल्यातील पुष्कळ कुटुंबे रांजणगावच्या कारखान्यांत कामासाठी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली आहेत. प्रत्येकाने आपल्या गावाकडची काही गीते बरोबर आणली आहेत. कोणाच्या घरी ख्रिस्तजन्माचे पद आहे, कोणाच्या घरी क्रूसाच्या वाटेची ओवी, कोणाच्या आजीला योसेफ आणि त्याच्या भावांचे आख्यान तोंडपाठ आहे. इथे आल्यावर खोल्या लहान, पाळ्या वेगवेगळ्या, आजी गावी आणि नातवंडे इथे. मुलांना मोबाइलवरील गाण्यांची पालुपदे येतात, पण 'हे गाणे कोणत्या प्रसंगाचे?' असे विचारले की ती एकमेकांकडे पाहतात. मुले हुशार आहेत. त्यांना प्रसंग कोणी गाऊन सांगितलेला नाही, एवढेच.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

१. गावी गेलात की आजी-आजोबांकडून एक तरी गोष्टीचे गीत ऐका आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. कोणी गायले, कोणत्या गावचे, कोणाकडून शिकले, हे शेवटी त्यांच्याच तोंडून सांगवून घ्या. मोबाइल आपल्या हातात आहेच, तो एकदा या कामालाही लागू द्या.

२. शब्द वहीत उतरवून धर्मगुरूंकडे आणून द्या. चुका असल्या तरी चालतील. फादर स्टीफन्स यांचे पुराण अशाच हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे आपल्यापर्यंत आले.

३. येत्या उपवासकाळात शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेनंतर एका कुटुंबाने एक आख्यान सादर करावे. वीस मिनिटे पुरे. पेटी आणि टाळ असले तर उत्तम, नसले तरी पालुपद धरायला आपण सर्व आहोतच.

४. युवकांनी नवी गीते रचावीत. चाल ओवीची असो, पोवाड्याची असो की गिटारवरची, आमची हरकत नाही. अट एकच: त्यात कोणी तरी मनुष्य असावा, त्याच्या बाबतीत काही तरी घडावे, आणि जे घडले त्यात देवाचा हात दिसावा. एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगार हाही अशा गीताचा विषय होऊ शकतो. प्रभूने पेरणारा, मेंढपाळ, द्राक्षमळ्यातील मजूर आणि हरवलेले नाणे शोधणारी गृहिणी यांच्या गोष्टी सांगितल्या. त्याच्या श्रोत्यांना ती माणसे रोज भेटत होती.

बसच्या गाण्यातील त्या स्त्रीकडे शेवटी एकदा पाहू या. तिने मुलासाठी शेत ठेवले नाही, पैसा ठेवला नाही. एक पुस्तक मिळाले होते, ते तिने मुलाला वाचून दाखवले. आपणही मुलांसाठी घर बांधतो, फी भरतो, दागिना करतो, आणि ते करायलाच हवे. पण आपल्या घरात श्रद्धा कशी आली, पणजोबांनी प्रभूला का स्वीकारले, संकटात कोणत्या प्रार्थनेने घर सावरले, ही गोष्ट मुलांना ठाऊक नसेल, तर ती पुढे कोण सांगणार? जी गोष्ट चालीवर बसते ती विसरली जात नाही. म्हणूनच देवाने मोशेला गीत रचायला सांगितले.

चिंतनासाठी प्रश्न

१. पवित्र शास्त्रातील कोणती गोष्ट तुम्ही सर्वप्रथम गाण्यातून ऐकली? ती कोणी गायली होती?
२. नाथानाची गोष्ट ऐकताना दाविद स्वतःला ओळखू शकला नाही. कोणत्या दाखल्यात तुम्ही स्वतःला उशिरा ओळखले?
३. आपल्या कुटुंबाच्या श्रद्धेची गोष्ट चार कडव्यांत सांगायची झाली, तर पहिले कडवे कोणाविषयी असेल?
४. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून या महिन्यात कोणते गीत शिकून घ्याल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लोकांना दाखल्यांवाचून काही सांगत नव्हतास. आमच्या आजींच्या ओव्यांत तुझे नाव होते, ते आमच्या मुलांच्या तोंडीही राहू दे. आमच्या घरात घडलेली तुझी कृपा सांगायला आम्हांला शब्द दे, आणि त्या शब्दांना चाल दे. आमेन.

आपणां सर्वांना प्रभूचा आशीर्वाद लाभो.

आपले धर्मगुरू
कारेगाव